सुकटचं यकृत आणि ताईचे सासरे

कुठल्याही घरात पाऊल टाकल्यावर आधी वारा कुठून वाहतोय ते बघणारा आणि मग यजमानांना नमस्कार करणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो आमच्या सोयरिकीत आहे. हे आमच्या ताईचे सासरे. खताच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली, तीही सगळी अमोनियाच्या विभागात. अमोनिया सुटला तर वाऱ्याबरोबर पळायचं नाही, वाऱ्याला आडवं पळायचं, हा तिथला पहिला धडा. ते निवृत्त झाले, धडा झाला नाही. ताईच्या लग्नात दोन्हीकडची मंडळी एकमेकांना पेढे भरवत असताना त्यांनी माझ्या वडिलांना बाजूला घेतलं आणि गंभीरपणे सांगितलं की कार्यालयाला दोनच दरवाजे आहेत, वारा नैर्ऋत्येचा आहे, तेव्हा काही झालंच तर वऱ्हाडाने आचाऱ्याच्या बाजूने बाहेर पडावं. वडिलांना वाटलं, मानपानात काहीतरी राहिलं. त्यांनी घाईघाईने एक शाल आणून व्याह्यांच्या खांद्यावर घातली. व्याह्यांनी ती नीट घडी करून काखेत मारली आणि तीच सूचना पुन्हा एकदा, सावकाश दिली.

चौल आणि रेवदंड्याच्या मध्ये त्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे. त्यातल्या सगळ्यांत उंच पोफळीच्या शेंड्याला वाऱ्याची दिशा दाखवणारी एक केशरी नळी फडफडत असते. ती काकूंच्या, म्हणजे ताईच्या सासूबाईंच्या, जुन्या परकराची आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. रेवदंड्याची कोळी मंडळी येता-जाता मान वर करून तिच्याकडे बघतात, आणि ती चुकीची दिशा दाखवते अशी तक्रार आजवर आलेली नाही. घरातल्या प्रत्येक नळाला नंबर आहे. मी पहिल्यांदा मुक्कामाला गेलो तेव्हा न्हाणीघराच्या दाराशी उभं राहून त्यांनी मला समजावलं, की सात नंबर पाव आटा उघडायचा, दहा आकडे मोजायचे, पाइपाचा आवाज ऐकायचा आणि मगच अर्धा उघडायचा. मी शाळामास्तर. मला सूचना द्यायची सवय आहे, पाळायची नाही. मी नळ एकदम उघडला. पाइप भिंतीत धडधडला आणि दाराबाहेरून शांत आवाज आला, "मास्तर, पहिल्यापासून करा."

त्यांच्या नाकाबद्दल तर काय सांगावं. एका भाचीच्या लग्नात नवरीच्या खोलीत तिच्या मावश्या केसांना रंग लावून बसल्या होत्या. हे जिन्यात थबकले, दोनदा हुंगलं आणि वर जाऊन सगळ्या मावश्यांना डोक्याला फडकी बांधलेल्या अवस्थेत मागच्या अंगणात आणून उभं केलं, वाऱ्याला आडवं. केसांच्या रंगात अमोनिया असतो हे त्या दिवशी आमच्या दोन्ही कुळांना कळलं. तेव्हापासून त्यांना नाकावरून कोणी हसत नाही, निदान समोर.

पण या सगळ्यावर कळस म्हणजे त्यांची वही. कारखान्यात पाळी संपताना नोंदवही लिहून पुढच्या माणसाला चार्ज द्यायचा असतो. तो आला नाही तर जागा सोडायची नाही. हा नियम त्यांनी घरी आणला. रेवदंड्याच्या बाजारात वांगी आणायला निघाले तरी पायरीवर उभं राहून सांगत, "पंप बंद, गॅस बंद, मांजर आत. चार्ज घे." आतून काकूंचा "घेतला" आल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नसे, आणि काकू मागच्या दारी असल्या तर अलिबागची रिक्षा समोरून निघून जाई. वहीत वेळ घालून सगळं लिहिलेलं. माझीही नोंद मी एकदा वाचली आहे: "१७.१० मास्तर आले. चहा दोन. १७.५५ मास्तर गेले. विशेष काही नाही." खाडाखोड हा शब्द त्यांना वर्ज्य. चूक झालीच तर एक सरळ रेघ मारून बाजूला सही करायची, म्हणजे चूकसुद्धा वाचता आली पाहिजे. रोज दिवाबत्ती झाली की काकू पानाखाली पूर्ण नाव लिहून सही करत. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. ते बोलायचे वहीशी आणि काकू बोलायच्या भिंतीशी, असा तो संसार होता. ताई आणि भावजी खारघरला राहायचे, महिन्यातून एखाद-दोनदा यायचे.

अशा घरात कुत्रं आलं. शेजारच्या वाडीतला बंगला पर्यटकांना भाड्याने देतात. तिथली एक मंडळी मुंबईला परत जाताना आपलं पिल्लू विसरून गेली, म्हणजे त्यांनी विसरायचं ठरवलं असावं. तीन दिवस ते फाटकापाशी रस्त्याकडे तोंड करून बसून होतं. चौथ्या दिवशी काकूंनी त्याला पदरात घालून आणलं. वहीत नोंद झाली: "०९.२० कुत्रा एक, लहान, चालू स्थितीत. मालक निघून गेले." मासे घेऊन दारावर येणाऱ्या हौसाबाईंनी टोपली उतरवली, त्या दोन मुठींच्या जिवाकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्यो कुत्रा हाय का सुकट?" तेच नाव पडलं. पुढे वर्षभर ते वाढलंच नाही, त्यामुळे नाव बदलायची वेळ आली नाही.

सुकट आला आणि काकूंना बोलायला कोणीतरी मिळालं. त्या त्याला सकाळी पेपरमधलं भविष्य वाचून दाखवायच्या. जेवायच्या आधी घरातला पहिला घास त्याचा. बांगड्याच्या डोक्यातले काटे बोटांनी एकेक काढून त्या त्याला भरवायच्या, आणि तो तोंड वर करून बसायचा. ताईने फोनवर एकदा लाडाने तक्रार केली की आमच्या पोराला एवढं कधी भरवलं नाहीत. काकू म्हणाल्या, "तुझं पोर मागून घेतं."

थोड्या दिवसांनी सुकट विचित्र वागायला लागला. जेवण झालं की तो विहिरीभोवती गोल गोल फिरायचा, लाळ गाळायचा, आणि मग तुळशीवृंदावनाच्या मागच्या बाजूला कपाळ टेकवून उभा राहायचा. अर्धा अर्धा तास. हाक मारली तरी मान फिरवायची नाही. काकूंनी हे पाहिलं आणि हात जोडले. गावात बातमी पसरायला काय लागतं. आजूबाजूच्या बायका गुरुवारी दुपारी मुद्दाम यायला लागल्या. एकीने त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, ती त्याने खाल्ली. आणखी एक गोष्ट काकूंच्या ध्यानात आली होती. संकष्टी, एकादशी, सोमवार अशा उपासांच्या दिवशी घरात मासे नसत, सुकटला दहीभात नाहीतर वरीचे तांदूळ मिळत, आणि त्या दिवशी तो अंगणात उड्या मारत असे. काकूंचं म्हणणं, त्याला उपास मानवतो, जीव मागच्या जन्मीचा कोणीतरी आहे. मग दुसऱ्या दिवशी, काल बिचाऱ्याने उपास केला म्हणून, त्या त्याला दुप्पट मासे घालायच्या. हौसाबाईही मूठभर जवळा फुकट टाकायच्या. "आंगात ताकद न्हाय त्याच्या, म्हावरा खाऊ द्या," असं त्यांचं निदान होतं आणि ते सगळ्यांना पटलं होतं.

ताईच्या सासऱ्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी फक्त लिहायला सुरुवात केली होती. वहीत सुकटसाठी वेगळे रकाने पडले: वेळ, खाद्य, खाद्य देणार, स्थिती. "१३.०५ बांगडा, अर्धा. सौ. १३.४० गोल फिरणे. १३.५० वृंदावनास डोके. १४.३५ नॉर्मल." पाच महिने असं चाललं. मग एके दिवशी ते अलिबागला माझ्या शाळेत आले, स्टाफरूममध्ये वही उघडून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, हा भक्त नाही. याला खाद्य सोसत नाही." मी तेव्हा पेपर तपासत होतो. मी म्हटलं, काका, कुत्रंच आहे, होईल बरं. त्यांनी वही मिटून काखेत मारली आणि ते निघून गेले. मला याची आजही लाज वाटते.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या दर्यात गेल्या आणि काही दिवसांतच ताजं म्हावरं दारावर आलं. पावसाळी मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांचा अनुशेष काकूंनी एका दुपारी भरून काढला. तासाभरात सुकट आडवा पडला, पाय झाडायला लागला, तोंडाला फेस आला. मला फोन आला तो काकांचा. ते एवढंच म्हणाले की गाडी घेऊन या, आणि येताना वेळ बघून ठेवा. मी पोचलो तेव्हा काकू सुकटला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि एकच वाक्य बोलत होत्या, की आजच तर पोटभर जेवला होता.

अलिबागला जनावरांच्या डॉक्टरीणबाई आहेत, वयाने ताईपेक्षा लहान. त्यांनी सुकटला त्या दिवशी सावरलं. वही वाचायला घेतली ती अर्धा तास वाचत राहिल्या. मग उपाशीपोटी एकदा आणि खाल्ल्यावर एकदा असं रक्त घेतलं, मुंबईला सोनोग्राफी करून आणायला सांगितली, आणि सगळे रिपोर्ट आल्यावर आम्हा तिघांना समोर बसवलं. त्या म्हणाल्या, आतड्यांकडून येणारं रक्त आधी यकृतात जातं, तिथे साफ होतं आणि मग अंगभर फिरतं. सुकटच्या पोटात जन्मापासून एक जास्तीची रक्तवाहिनी राहिली आहे. रक्त यकृताला वळसा घालून तसंच पुढे जातं.

"बायपास," काका म्हणाले.

"हो, तसंच."

"त्याला व्हॉल्व्ह नाही?"

"नाही."

"मग न साफ होता पुढे काय जातं?"

"बरंच काही. मुख्य म्हणजे अमोनिया. तो मेंदूपर्यंत जातो. म्हणून तो भिंतीला डोकं लावतो."

काका उठले. त्यांनी दवाखान्याची खिडकी उघडली, वारा कुठून येतोय ते बघितलं आणि पाठमोरेच म्हणाले, "चौतीस वर्षं अमोनिया सांभाळला. आणि गळती माझ्या घरात." डॉक्टरीणबाईंना यातलं काही कळलं नाही. त्यांनी पुढे सांगितलं की मासे-मटण पोटात गेलं की हा अमोनिया वाढतो, म्हणून उपासाच्या दिवशी तो बरा असायचा. वहीत त्यांनी वेळा आणि खाद्य एवढंच पाहिलं असावं, कारण मग त्यांनी सहज विचारलं, "मासे कोण भरवायचं याला?"

काकूंचे हात मांडीवर होते. ते एकदम मिटले. मी काही बोलणार, तेवढ्यात काका खिडकीतून वळून म्हणाले, "मी."

ज्या माणसाने स्वतःच्या नातवाच्या तोंडात कधी घास घातला नव्हता, तो हे म्हणत होता. परतताना गाडीत मागच्या सीटवरून काकू हळूच म्हणाल्या, "पण माझ्याच हातचं खायचा ना हो तो?" काका समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "तू घातलेलं मांजर खायचं. खरं खाणं माझ्याकडून व्हायचं. वहीत आहे." त्या घरात वहीपुढे अपील नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी ज्यांच्याकडे पाठवलं त्या मुंबईच्या सर्जननी ती वही मागितली. काकांनी दोन दिवस बसून पाच महिन्यांच्या नोंदी नव्या वहीत उतरवून काढल्या. ती पोचवायला माझ्याकडे दिली तेव्हा मी उघडून पाहिली. तारखा त्याच, वेळा त्याच, बांगडा तेवढाच. फक्त "खाद्य देणार" या रकान्यात जिथे जिथे "सौ." होतं, तिथे तिथे "स्वतः" झालं होतं. पाच महिने. रेघ नाही, सही नाही. मी म्हटलं, काका, हे काय? ते म्हणाले, "उतरवताना दुरुस्ती करावी लागते." जुनी वही कुठे आहे असं विचारल्यावर त्यांना एकाएकी विहिरीच्या पंपाकडे बघायला जावं लागलं.

पुढचे सहा आठवडे सुकट पनीर, भात, दुधी आणि एका गोड औषधावर होता. डोकं टेकणं कमी झालं. पण सर्जन म्हणाले, हे असं फार वर्षं पुरणार नाही, ती वाहिनी बंद करायलाच हवी, आणि ऑपरेशनमध्ये तो टेबलावरच दगावूही शकतो. काकूंनी साफ नाही म्हटलं. जेवढा आहे तेवढा राहू दे, पण माझ्यासमोर राहू दे. काकांनी सर्जनना एकच प्रश्न विचारला, बंद किती वेगाने करणार? सर्जननी सांगितलं की एकदम बांधली तर यकृताला तेवढं रक्त झेपत नाही, कुत्रा जातो. म्हणून वाहिनीभोवती एक छोटी कडी बसवतात. ती आतून हळूहळू फुगते आणि महिनाभराने वाट बंद होते. काकांनी कागद पुढे ओढून सही केली. जिना उतरताना म्हणाले, "माणसाला कळतंय." त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी तरी दुसऱ्या कोणाची ऐकलेली नाही.

मांडव्याहून गाडीसकट रो-रो बोटीने गेलो. सुकट टोपलीत, टोपली काकांच्या मांडीवर. काकू आल्या नाहीत, त्यांच्याने बघवणार नव्हतं. दारात काका नेहमीप्रमाणे उभे राहिले, पंप बंद, गॅस बंद म्हणाले, आणि काकूंनी "घेतला" म्हणायच्या ऐवजी टोपलीवर हात ठेवला. मला वाटलं आता ते पायरीवरच अडकणार. पण ते तसेच निघाले.

ऑपरेशनला चार तास लागले. बाहेरच्या बाकावर काका दर पंधरा मिनिटांनी लिहीत होते. ते चहाला म्हणून गेले तेव्हा मी वहीत डोकावलो. "११.१५ काही कळवले नाही. ११.३० काही कळवले नाही. ११.४५ काही कळवले नाही. १२.०० भिंतीस डोके (स्वतःचे)." मी वही होती तशी ठेवली.

सुकट वाचला. पोटाला पट्टा बांधून घरी आला आणि पहिल्याच दिवशी मला चावला. आता महिनाभर ती कडी आपल्या वेगाने बंद व्हायची होती, आणि घरातल्या कोणी काही घाई करायची नव्हती. हे काम जगात एकाच माणसाला जमण्यासारखं होतं. तो सुकटशेजारी खुर्ची टाकून बसून राहिला.

काकूंचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. त्या वाडगं भरायच्या, पनीर कुस्करायच्या, पण वाडगं खाली ठेवायला काकांना हाक मारायच्या. सुकट जवळ आला की हात मागे घ्यायच्या. एकदा मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तेव्हा त्यांना म्हटलं, काकू, डॉक्टर म्हणाल्या ना, दोष जन्माचाच होता. आणि मासे तर काकाच भरवत होते. त्यांनी गॅस बारीक केला.

"मास्तर, मला वाचता येतं," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी सही कोण करत होतं? सौ. सौ. सौ. असं लिहिलेलं दिसायचं मला. मला वाटायचं, कौतुकाने लिहितात. आणि दोन दिवस बसून उतरवलेली वहीही बघितली मी."

त्यांनी दुधी किसायला घेतला.

"तुम्ही त्यांना सांगू नका मला कळलंय म्हणून. जन्मात पहिल्यांदा खोटं लिहिलंय त्यांनी, तेही माझ्यासाठी. राहू दे त्यांना तेवढं."

आणि त्या रडल्या. रडता रडता दुधी किसत होत्या.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं की आकडे चांगले आले आहेत, हळूहळू थोडा मासा देऊन बघायला हरकत नाही. योगायोगाने मी त्या रविवारी तिथेच होतो. हौसाबाईंनी सर्वांत ताजा बांगडा निवडून दिला होता. काकूंनी तो नुसता उकडला, ओटीवर बसून बोटांनी सगळे काटे काढले, काढून झाल्यावर पुन्हा काढले. बोटाच्या पेराएवढा तुकडा राहिला. सुकट तोंड वर करून समोर बसला. काकूंचा हात मात्र पुढे होईना. त्यांनी ताटली उचलली आणि काकांच्या दिशेने सरकवली. "तुम्ही घाला."

काकांनी ताटली परत त्यांच्यापुढे सरकवली. मग हात पाठीमागे बांधून म्हणाले, "माझ्या हातचा मासा तो कधीच खात नव्हता."

काकूंनी वर पाहिलं. मग त्यांनी तो तुकडा उचलून सुकटच्या तोंडात घातला. त्याने तो गिळला, बोटं चाटली आणि आणखी आहे का ते पाहिलं.

त्यानंतर तासभर आम्ही तिघं ओटीवर बसून त्या कुत्र्याकडे बघत होतो. अर्धा तास गेला. पाऊण तास गेला. काहीच झालं नाही. सुकट काकूंच्या पायाशी वळकटी करून झोपला आणि झोपेत पाय हलवायला लागला. काका त्यांच्या बाजूला येऊन बसले होते. आणि काकूंचा हात तसाच माशाचा होता, पण तो धुवायला त्या उठल्या नाहीत.